ज्याला भिंगरीने ओळखलं नाही

माझ्या भावाला त्याच्या बायकोने मारलं. हे वाक्य मी आजवर पोलिसांना, वकिलांना, डॉक्टरांना आणि एका सिनेमावाल्यालाही सांगितलंय. आता ते तोंडातून सरळ बाहेर पडतं. पुढचं मात्र तसं निघत नाही, कारण ती बायको आधी माझी मैत्रीण होती.

आम्ही दोघी एका मोठ्या लाँड्रीत कामाला होतो. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, समोरासमोर चालत येऊन टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. दिवसभर हेच. घडी झाली की ती टाचेवर गर्रकन वळून मागच्या ढिगावर ठेवायची आणि चादर रुळातून निघायच्या आत परत जागेवर. म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणायच्या. बडबडही तशीच, गरगर फिरणारी. मुकादमाची नक्कल अशी करायची की एकदा तो मागे उभा राहून ऐकत होता आणि शेवटी स्वतःच हसला.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आमच्या लाँड्रीतली सामानाची लिफ्ट एकदा मधेच अडकली आणि आत नेमकी भिंगरी, ओल्या चादरींच्या गाडीसकट. दादाला बोलावलं. तो वरच्या मजल्यावरून वाकून ओरडला, "घाबरू नका, दोर शाबूत आहे!"

खालून आवाज आला, "मी कुठे घाबरलेय? तुमचाच आवाज कापतोय."

दादाला एरवी अशा कामाला फार वेळ लागत नसे. त्या दिवशी मात्र त्याचे पाने हरवत होते, विजेरी चालत नव्हती, आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. बाई बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती आणि हसत होती. घरी येताना दादा मला म्हणाला, "तुझी ती मैत्रीण जेवायला वगैरे येते का कुणाकडे?" मी काय ते समजले.

लग्न झालं. आई मला सांगून थकली की आता तिला वहिनी म्हण, पण माझ्या तोंडात भिंगरीच बसलं होतं. ती मात्र मला मुद्दाम चिडवायला 'वन्सं' म्हणायची, तेही लाँड्रीत, सगळ्यांसमोर. आमच्याच गल्लीत, वळणापलीकडे त्यांनी दोन खोल्या घेतल्या. मुलगी झाली. दादा तिला छकुली म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. सुखाचं वर्णन काय करणार? संध्याकाळी त्यांच्या खिडकीखालून गेलं की आतून भांडण ऐकू यायचं, आणि ते पुरं व्हायच्या आत दोघं हसायला लागायची.

छकुली चालायला लागली त्या सुमारास दादा लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पाय मोडला, जबडा फुटला. इस्पितळात बरेच दिवस काढावे लागले. भिंगरी सकाळी लाँड्रीत, दुपारी इस्पितळात, मग घरी मुलीपाशी. झोप म्हणाल तर नावालाच. मी आणि आई होतो मदतीला, पण तिला कुणाच्या हातात काही सोडवत नसे. दादा बरा झाला. टाके घालताना त्याची मिशी काढली होती. जबडा नीट उघडत नसल्यामुळे आवाज जाड झाला होता आणि चालताना एक पाय ओढत होता. घरी आणलं तेव्हा भिंगरी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

"आत तरी येऊ दे," दादा म्हणाला.

ती बाजूला झाली. पण मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन कानात म्हणाली, "साबणाचा वास वेगळा येतोय."

"अगं, इस्पितळाचा साबण आहे तो."

"असेल," ती म्हणाली.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. ती त्याला आडून आडून प्रश्न विचारायची. लिफ्टमध्ये मी कोणत्या रंगाचा झगा घातला होता? लग्नाच्या दिवशी तुमच्या बुटाला काय झालं होतं? दादा बरोबर उत्तरं द्यायचा आणि म्हणायचा, "पास झालो का, बाई?" ती हसायची नाही. म्हणायची, "पाठ करून आलाय."

मला खरी भीती वाटली ती एका शब्दाने. भिंगरी नवऱ्याबद्दल बोलताना कायम 'हे' म्हणायची. हे असं म्हणाले, ह्यांना तसं आवडतं. एक दिवस चादरीचं टोक माझ्या टोकाला लावताना ती म्हणाली, "तो काल माझ्याकडे टक लावून बघत होता."

"कोण?"

"तोच. घरात राहतो तो." मग आवाज अगदी खाली नेऊन, "ह्यांना त्यांनी कुठेतरी ठेवलंय गं. हा निघाला की सोडतील."

डॉक्टरांकडे नेलं. तिला घरातून बाहेर काढायला दादाला थाप मारावी लागली नाही. तो म्हणाला, "मी तिचा नवरा आहे की नाही हे डॉक्टरांनाच विचारू," आणि ती लगेच तयार झाली. डॉक्टर भल्या बाई होत्या. हा एक आजार आहे, त्याला औषध आहे, झोप तुटली की असं उफाळून येतं, असं त्यांनी समजावलं. तिच्या माहेरी कुणाला असं काही होतं का, तेही विचारलं. भिंगरीच्या आईलाही असंच काहीसं झालेलं होतं, पण त्या घरात त्यावर कुणी तोंड उघडत नसे. हे आम्हाला तिच्या भावाकडून कळलं, तेही फार नंतर.

गोळ्यांनी फरक पडला. ती 'हे' म्हणायला लागली. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. पण गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे. चादर सुटून ओल्या फरशीवर पडायची, मुकादम बोलायचा, मागच्या बायका खोळंबायच्या. ज्या बाईला चपळाईवरून नाव पडलं, तिला ते सोसेना. तिने गुपचूप गोळ्या बंद केल्या. जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची. हे दादाला कळलं तोवर 'तो' परत आला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस दाखल करा. आईही म्हणाली. दादा ऐकेना. तिला कोंडल्यासारखं होईल, लिफ्टमध्ये ती हसली होती पण मी बाहेर होतो म्हणून, असं काहीतरी म्हणाला. आई चिडली, "अरे, ती तुला ओळखत नाही!"

"ती मला ओळखत नाही म्हणून मी तिला ओळखायचं सोडू का?" दादा म्हणाला.

 

तो रविवार होता. दुपारची वेळ. आई पडली होती, मी केस वाळवत बसले होते. भिंगरी आली. छकुली कडेवर अर्धवट झोपेत. भिंगरीने केस नीट विंचरले होते, बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते. चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"वन्सं, चल ना जरा. घर आवरू लाग. हे येतील आता."

"कोण येईल?"

"हे. त्याला मी घालवलं. आता ह्यांना सोडतील."

मी धावले. गल्लीचं ते वळण मला अजूनही स्वप्नात पडतं, पण ते असो. दादा पुढच्या खोलीत छकुलीच्या तीनचाकी सायकलशेजारी पडला होता. तो सायकलचं चाक बसवत होता. त्याचाच मोठा पाना. पाठमोरा बसला होता म्हणे, त्याला काही कळलंही नसेल असं पोलिसांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते त्यांनी आमच्या समाधानासाठी सांगितलं की खरंच, मी विचारलं नाही.

आत स्टोव्हवर पाणी खदखदत होतं. मोठं पातेलं, काठोकाठ. ते तिने दादाच्या आंघोळीला ठेवलं होतं. इतके दिवस कुठेतरी कोंडून ठेवलेला माणूस, आल्यावर आंघोळ करेल म्हणून. बाजूला त्याचा धुतलेला शर्ट होता. मी आधी स्टोव्ह बंद केला. का ते मला माहीत नाही.

पोलीस आले तेव्हा ती त्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ते कधी पोचतील? मी इथे नसले तर त्यांना किल्ली कोण देईल?" एका पोलिसाने मान फिरवली.

कोर्टाने तिला आजारी ठरवलं आणि मनोरुग्णालयात पाठवलं. वर्तमानपत्रांना मात्र ती हवी तशी मिळाली. चांडाळीण, नवरा खाणारी, काय काय. मग तो सिनेमावाला आला. बोलायला नम्र होता. मी त्याला सगळं सांगितलं, स्टोव्हवरच्या पाण्यासकट. तो लिहून घेत होता, तिथे थांबला. म्हणाला, "ताई, हे पडद्यावर चालणार नाही. लोक गोंधळतील. तिचा राग यायला पाहिजे की दया, ते एक काहीतरी ठरवावं लागतं."

सिनेमा लागला. मी लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशींना घेऊन गेले, एकटीने जायची हिंमत नव्हती. पडद्यावरची बाई उंच, देखणी, ओठ लालभडक. नवरा दुसरीच्या मागे लागलेला. ही आरशासमोर बसून सुरीला धार लावते आणि हसते. शेवटी तिला पकडतात तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. मागचा एक माणूस म्हणाला, "असल्या बाईला भर चौकात उलटी टांगायला पाहिजे." मावशी ताडकन वळल्या, "तुम्ही गप्प बसा हो, नायतर तुम्हालाच टांगते." आजूबाजूचे हसले. मी पण हसले, आणि मग मला रडू आवरेना.

मी तिला भेटायला जायचे. आईला ते आवडत नव्हतं. "पोटचा पोरगा गेलाय माझा," ती म्हणायची, "तुझा भाऊ गेलाय आणि तू तिला फळं नेतेस." खरंच होतं ते. मी पिशवी उचलायचे आणि निघायचे. तिथे गेले की भिंगरी विचारायची, "ह्यांचा काही निरोप?" मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, "येतील. वेळ लागतो अशा गोष्टींना." उलट मलाच धीर द्यायची.

एकदा तिथल्या डॉक्टरांनी मला दारातच गाठलं. नवीन औषध लागू पडलंय, सुधारणा चांगली आहे, म्हणाले. खूश होते बिचारे. मी आत गेले. भिंगरी खाटेच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, अगदी स्थिर.  मग म्हणाली, "ते खरेच होते ना?"

ते. होते.

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्याकडे जशी बघत होती, तिला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "हो."

ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "सायकल नीट झाली होती का?"

त्यानंतर तिने पुन्हा गोळ्या थुंकायला सुरुवात केली. नर्सबाईंनी पकडलं तेव्हा त्यांचे पाय धरून म्हणाली, मला परत आजारी होऊ द्या, तिथे ते यायचे तरी होते. नर्सबाई हे मला सांगताना स्वतःच डोळे पुसत होत्या. तेव्हापासून गोळी देऊन तिचं तोंड तपासायला लागले. ती बरी राहिली. याहून मोठी शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली असती?

छकुली आमच्याकडे वाढली. शाळेत कुणीतरी तिला त्या सिनेमाचं सांगितलं, मग मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने बराच काळ आईचं नाव काढलं नाही. कॉलेजात जायला लागल्यावर एक दिवस म्हणाली, "आत्या, मला यायचंय."

मनोरुग्णालयाच्या मागे बाक आहेत. भिंगरीचे केस पांढरे झाले होते. ती मुलीकडे मान वर करून बघेना. आम्ही तिघी बसलो. शेवटी छकुली म्हणाली, "मला बाबांचं काही आठवत नाही. आवाजही नाही. आत्या सांगते ते लहानपणचं. तू सांग ना."

भिंगरीने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता उठून जाईल. पण ती हळूहळू बोलायला लागली. ते बंद पडलेल्या लिफ्टशी बोलायचे, तिला 'बाई, ऐक माझं' म्हणायचे. झोपेत पांघरूण ओढून घ्यायचे आणि सकाळी मलाच चोर ठरवायचे. कामाच्या वेळी शीळ घालायचे, बेसूर, कुठल्याच गाण्याची नाही. तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा भिंतीला टेकून बसले, हातातून पडशील म्हणून उठेचनात. छकुली ऐकत होती. बोलता बोलता भिंगरीने कधी वर बघितलं, आम्हाला कळलंही नाही. भेटीची वेळ संपली तेव्हा छकुलीने तिच्या हाताला नुसतं बोट लावलं. मिठी वगैरे काही नाही.

घरी आल्यावर छकुली ते सगळं मला पुन्हा सांगत बसली, जसं काही मी तिथे नव्हतेच. आई ओट्याशी भांडी घासत होती, आमच्याकडे पाठ करून. भिंगरीचं नाव निघालं की ती खोलीतून उठून जायची. त्या दिवशी गेली नाही. तिने नळ बंद केला.

"आणि ते शीळ घालायचे," छकुली म्हणाली.

"शीळ नाही," आई पाठमोरीच म्हणाली. "पुढच्या दाताचा टवका उडाला होता त्याचा, झाडावरून पडला तेव्हा. जोर लावला की हवा निघायची." मग तिने विचारलं, "अजून काय म्हणाली?"