मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, पिंजऱ्याची मागणी बैठकीत

मंडळी, आज वनखात्यातर्फे बेल्ह्याजवळच्या एका वस्तीवर बिबट्याबद्दल बैठक घ्यायला गेलो होतो. अजून किळस जात नाहीये.

"पिंजरा लावा, न्हाईतर रस्ता अडवू!" सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते तिथले पोल्ट्रीवाले शेठ. मेलेल्या कोंबड्या हेच शेठ शेडमागच्या ओढ्यात फेकतात. त्या खायला बिबट्या वस्तीपर्यंत येतो.

मेंढ्या राखणाऱ्या सखूबाई उठल्या. "भाऊ, आदी कोंबड्या पुरा. माजी नात त्याच वढ्याच्या वाटंनं साळंत जाती."

शेठ हसले. "मग दुसऱ्या वाटंनं धाडा की, मावशी!"

बैठकही हसली. बिबट्या नेला तरी त्या वासावर दुसरा येईल, हे मी परोपरीनं सांगितलं. कुणी ऐकेना. ठराव पिंजऱ्याचाच झाला.

ती पोर तुमची असती, तर तुम्ही हसला असता का?