सुध्याच्या नावानं उतरवलेली रिंग

मेलेल्या माणसाला परत मारायचं असेल, तर त्याच्या नावानं एक स्पर्धा ठेवावी.

आज आमच्या सुध्याला जाऊन वर्ष झालं.
शेंद्र्याहून फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसनं येत होता. गारखेड्याचा त्याचा स्टॉप आला तरी उतरेना. सगळ्यांना वाटलं, झोप लागली.

त्याच्या स्मरणार्थ आज एका लग्नाच्या लॉनवर ‘भव्य स्लॅम डंक स्पर्धा’ होती.
फ्लेक्सवर सुध्याचा फोटो पासपोर्ट साइज. बाकीचा फ्लेक्स पुढारी साहेबांचा.

ज्यांना डंक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बास्केटबॉलमधला प्रकार. बॉल लांबून फेकायचा नाही. पळत यायचं, उडी मारायची आणि वरून हातानं रिंगमध्ये आपटायचा.
रिंग दहा फुटांवर असते. आपल्याकडच्या माणसाचा तिथं नुसता हात लागला तरी पेढे वाटायला हरकत नाही.

सुध्याला त्याचं येड होतं.
शिफ्ट सुटली की मैदान. हाफ कोर्टवरून पळत यायचा, उडायचा, आणि बॉल रिंगच्या काठावर आदळून थेट गेटपाशी जायचा.
रोज संध्याकाळी हेच.
एकदाही जमलं नाही. आज तो गेलाय म्हणून खोटं कशाला बोलू?

तरी लोक थांबायचे. क्लासहून येणारी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेले काका, सगळे. कुणीतरी म्हणायचं, “आज होतंय बघ.” नाही झालं की अख्ख्या मैदानातून “आरारारा!” निघायचं.
दुसऱ्या दिवशी परत तीच माणसं हजर.

हल्ली लोक विचारतात, मोबाइलवर दिवसभर डंक दिसतात, आता असल्या स्पर्धेत मजा काय राहिली?
अरे बाबांनो, समोरचा चुकू शकतो, ही मजा. सुध्या म्हणायचाच, “चुकायची भीती नसंल तर बघायचं कशाला? त्यापेक्षा घरी बसून लग्नाची कॅसेट लावा ना.”

शोभावहिनी, म्हणजे सुध्याची बायको, कधीच मैदानावर आली नव्हती. तोच येऊ द्यायचा नाही.
“जमलं की नेतो तुला,” असं तिला सांगून ठेवलेलं.

तो गेल्यापासून ती माहेरी, गंगापूरला असते. आज आयोजकांनी बोलावलं म्हणून एस्टीनं आली. त्यांनी तिला स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तिच्या शेजारी मी.

आधी साहेबांची वाट बघण्यात सगळी दुपार गेली. मग डीजे. मग धूर.
मग एकदाची पोरं उडायला लागली.

पहिल्यानं डंक मारला. दुसऱ्यानंही मारला.
तिसरा चांगला गरगरीत गडी होता. त्याला मी जन्मात पळताना पाहिलेलं नाही. त्यानंही मारला!
तेव्हा माझं लक्ष वर गेलं.

रिंग खाली घेतली होती. चाकांवरची रिंग, हँडल फिरवलं की उतरते. चांगली दोन-अडीच फूट उतरवली होती.

आयोजक बंटी. आमच्याच मैदानावर वाढलेला. त्याला गाठलं.

“बंट्या, रिंग वर घे.”
“भाऊ, दहा फुटावर एकालाबी जमंना. कालच ट्रायल घेतली ना.”
“मग नाही जमलं तर नाही जमलं.”
“असं कसं? साहेब बसलेत. पब्लिकला शो पायजे. तुम्ही बसा ना भाऊ, चहा सांगतो.”

मग एक जण डोळ्यांवर पट्टी बांधून आला. पट्टीतून आरपार दिसत होतं. एकानं शोरूमची गाडी आडवी लावून तिच्यावरून उडी मारली. तिघंही जज प्रत्येकाला दहापैकी दहा देत होते.
निवेदक ओरडत होता, “सुधाकरभाऊ की याद में, जोरदार तालियाँ!”
अर्धं पब्लिक रील बघत होतं. त्यांना तरी काय बोलणार?

तेवढ्यात वहिनी माझ्याकडं वाकली.

“भाऊजी, एवढंच असतं व्हय हे?”
तिनं रिंगकडं बोट केलं.
“मग ह्यांना का नाय जमलं?”

तक्रार नव्हती त्यात. साधं विचारलं तिनं.

मला किळस आली. डीजे, धूर, फ्लेक्स, हे सगळं आपण रोज गिळतो. पण माणूस वर्षानुवर्षं जीव तोडून उड्या मारतो, आणि त्याच्याच फोटोला हार घालून त्याच्या बायकोला दाखवायचं, की बघ, जे शेंबडं पोरगंही करतं ते तुझ्या नवऱ्याला येत नव्हतं. थू तुमच्या त्या स्मृतिचषकावर.

“वहिनी, रिंग खाली घेतलीय यांनी. खरी लई वर असते,” मी म्हणालो.
तिनं मान हलवली. सांत्वनाला आलेल्यांपुढं हलवतात तशी. तिला वाटलं, मी सुध्याची बाजू सावरतोय.

साहेबांचं भाषण चालू असतानाच मी उठलो. “चला वहिनी.”
बंटी मागून आला, “अहो, वहिनींचा सत्कार राह्यलाय!”
घाल म्हटलं ती शाल स्वतःलाच.

स्कूटीवर बसवून तिला आमच्या जुन्या मैदानावर नेलं. तिथं लोखंडी खांब आहे, जमिनीत गाडलेला. जाळी केव्हाच गेली. ती रिंग कुणाच्या बापाला खाली घेता येत नाही.

वहिनी थेट रिंगखाली जाऊन उभी राहिली. वर पाहिलं.
हात वर केला. मग चवड्यांवर उभी राहिली. तरी वर एक लहान पोरगं उभं राहील एवढी जागा उरली.

“इतक्या वर?”
“व्हय.”
“आन ह्यांचा हात कुठवर जायचा?”
“रिंगला लागायचा, वहिनी. बॉल धरून.”

तिनं परत वर पाहिलं.
मग म्हणाली, “येडाच होता माणूस.”
आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. मग पदर तोंडाला लावून रडली.

सुध्या, तुला कधीच जमलं नाही, हे वहिनीला कळलंय.
तू कुठवर उडायचास, तेही आज तिनं डोळ्यांनी पाहिलं.

जा आता निवांत, मित्रा.