बाटलीबाईंचा विटाळ

गेल्या वर्षी तान्हा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली आणि त्या सभेत आपण बाटलीबाईंवर अन्याय केला. ‘आपण’ म्हणजे मी, माझे थोरले काका म्हणजे मोठे बाबा, आपली तलाव बचाव समिती आणि हात वर करणारे तुम्ही सगळे. गावकऱ्यांच्या हाताचा विटाळ मानणाऱ्या या बाईंना तलावावर पाय ठेवू द्यायचा नाही, असा ठराव झाला. ‘विटाळ’ हा शब्द ठरावात माझ्या पत्रकातून आला. पत्रकात तो मी त्यांच्याच तोंडचा उचलून घातला होता.

बाटलीबाई तलावाच्या काठावर कोणाला बोलू देत नसत. त्या दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. शिकून यवतमाळच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावर लागलेल्या, पन्नाशीला आलेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. एसटीने राळेगावला उतरायच्या आणि बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ऑटोने गावात यायच्या. ऑटोत अखंड गप्पा. काठावर पोचल्या की मात्र, “मिटा तोंडं! तुमची थुंकी उडून राह्यली पाण्यात. उद्या मशीन म्हणन, या तलावात सगळे माणसंच पोहतेत.” एकदा सरपंच स्वागताचं भाषण करायला काठावर उभे राहिले, तर बाईंनी त्यांना दंडाला धरून बाभळीपर्यंत मागे नेलं आणि म्हणाल्या, “आता बोला, साहेब. इथून बिलकुल चालते.”

त्यांचं काम थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांना ती नुसती पाण्याची चोरीच वाटायची. जनावर पाण्यात उतरलं, पाणी पिऊन गेलं, की त्याचं काहीतरी मागे राहतं. खवला, कातडीचा कण, लाळ, लेंडी. त्यात त्याचा डीएनए असतो. बाई तलावाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतलं पाणी बाटल्यांत भरत, पिचकारीने दाबून अगदी बारीक गाळणीतून काढत आणि ती गाळणी बर्फात घालून नेत. प्रयोगशाळेत त्या न दिसणाऱ्या कणांवरून कळे, कोण इथे राहतं आणि कोण येऊन गेलं. जाळं नाही, पिंजरा नाही, एकाही जिवाला हात नाही. उन्हाळ्यात आटत आलेल्या तलावाचं गढूळ पाणी गाळणीतून उतरता उतरत नाही, तेव्हा त्या पिचकारी छातीशी धरून दाबत आणि मला म्हणत, “पुढारीणबाई, घोषणा देऊन देऊन गळा मजबूत झाला तुमचा. आता जरा दंड मजबूत करा. धरा!”

त्यांना बोलावलं होतं आपणच. तलावाच्या वरची टेकडी गिट्टी खदानीसाठी मागितली गेली होती आणि त्या अर्जात एक वाक्य होतं: परिसरात उल्लेखनीय जीवसृष्टी आढळत नाही. ज्याने ते लिहिलं तो माणूस एक सकाळही तलावावर बसला नव्हता. मी त्या वाक्यावर चार पत्रकं काढली, दोनदा तहसीलसमोर बसले. पण सुनावणीत घोषणांना कोण विचारतं? पुरावा हवा होता. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, असं तिन्ही ऋतूंचं पाणी तपासलं तर तो पुरावा उभा राहील, असं बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मुक्काम आमच्या घरी.

आमच्या घरात त्यांची पहिली कीर्ती झाली ती जेवणावरून. पाणी भरायला मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, “काल काय खाल्लं?” मासळी किंवा मटण म्हटलं की तो माणूस बाद. स्वतः तर आदल्या दिवशी वरण-पोळीपलीकडे जात नसत. हातमोजे घालत, ते दर बाटलीला बदलत, आणि बाटलीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. माझी मोठी आई एकदा कौतुकाने बाटल्या विसळायला निघाली, तर बाई ओरडल्याच.

मोठी आई रागावली. “एवढं सोवळं त आमच्या देवाचंही नाई, बाई! आमचा हात लागला त काय होते?”

बाई खाली बसल्या. “वहिनी, तुमच्या हाताले मासळी असन, बकरीचे केस असतीन, मले दिसत नाई. पण मशीनले दिसते. आन् तुमचाच नाई, माह्याही हाताचा विटाळ होते. हे मोजे मले पाण्यापासून वाचवाले नाईत. पाण्याले माह्यापासून वाचवाले हायेत.”

मोठी आई हसली. “म्हणजे आपण सगळ्याच विटाळशा म्हणा की!” दोघी इतक्या हसल्या की मीही हसले. मोठ्या आईने ती मोज्यांची गोष्ट गावभर सांगितली आणि तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात चालायला लागला. कोणी तलावात बैल धुतला की बाई म्हणत, “झाला विटाळ.” प्रयोगशाळेत त्या गोष्टीला मोठं नाव असेल. आम्हाला हेच समजे, म्हणून त्यांनी हेच धरलं.

त्यांची आणखी एक सवय मोठ्या बाबांना खटके. त्या प्रयोगशाळेतून एक शुद्ध पाण्याची बाटली आणत, काठावर उघडत आणि तलावाच्या पाण्यासारखीच ती गाळत. मोठे बाबा तलावातल्या मासेमारी गटाचे प्रमुख, आणि समितीतही पहिल्या रांगेत. ते म्हणाले, “काहून हो बाई, यवतमाळचं पाणी आमच्या तलावावर आणून गाळता? आमचं कमी पडलं का?”

“भाऊ, ही बाटली माह्यावर पाळत ठेवाले हाय,” बाई म्हणाल्या. “हिच्यात जर मासा निघाला, त समजाचं का चूक माही हाय, तलावाची नाई.”

मला हे फार आवडायचं. मी आयुष्यात एकही पत्रक असं काढलं नाही की ज्यात माझ्यावर पाळत असेल.

उन्हाळ्याच्या पाण्याचा निकाल त्यांनी आमच्या ओट्यावर बसून वाचला. रोही म्हणजे नीलगाय, सायाळ, रानडुक्कर, दोन जातींची कासवं, मरळ आणि वाम हे मासे. मी टाळ्या वाजवत होते. मग त्या थांबल्या. “आन् मांगूर. आपला नाई. परदेशातला, बंदी असलेला. जे दिसन ते खाते हा, आपल्या मरळीचे पिल्लंही.”

मांगूरचं बीज मोठ्या बाबांच्या गटाने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेऊन तलावात सोडलं होतं. लवकर वाढतो, म्हणून. हे बाहेर गेलं तर तलावाचा ठेका जाणार आणि त्यावर जगणारी घरं बसणार. भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते.

“बाई,” मोठे बाबा हळू आवाजात म्हणाले, “तुमी एवढं गाळता. हे एक नाव गाळा.”

“गाळणीवर अडकलं ते मले गाळता येत नाई, भाऊ.” त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. “तुमीच लिहा नं, का हा मासा आमच्या हातून आला आन् आमी काढून राह्यलो. सुनावणीत तुमचं वजन वाढन. लपवलं आन् त्यायच्या माणसानं शोधलं, त कासवंही खोटे ठरतीन.”

त्या बरोबर होत्या. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण समितीच्या बैठकीत ठरलं की बाईंनाच दूर करायचं, म्हणजे निकाल त्यांच्याबरोबर जाईल. कारण काय द्यायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. लिहिणारी मीच होते. कपातला चहा गार व्हायच्या आत मी पत्रक लिहून दिलं. ‘आमच्या मायबहिणींच्या हाताचा विटाळ मानणाऱ्या बाईंना जाब विचारा!’ माझी सगळी पत्रकं अन्यायाविरुद्ध असतात. अन्याय करण्यासाठी लिहिलेलं हे एकच, आणि भाषा तीच, जोर तोच, लिहिताना चढलेला संतापसुद्धा तोच. या गोष्टीची मला अजून भीती वाटते.

ग्रामसभेत बाई मागे उभ्या होत्या. पावसाळ्याचं पाणी भरायला आल्या होत्या, पेटी पायाशी होती. ठराव वाचून झाला तेव्हा त्या फक्त मोठ्या आईकडे वळल्या. “वहिनी, तुमाले त माहीत हाय.” मोठी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग बाई सगळ्यांना म्हणाल्या, “माह्या याडीले, माह्या मायले, गावातल्या बाया वरून ओंजळीत पाणी वाढत. तिनं जल्मभर ओंजळ धरली. आन् तुमी मले सांगता विटाळ काय असते ते!” त्यांनी पेटी उचलली. ऑटोवाल्यानेसुद्धा त्यांना बसवलं नाही. त्या चालत गेल्या.

पावसाळ्याचं पाणी राहिलं, हिवाळ्याचं राहिलं. आपण संस्थेकडे तक्रारही पाठवली होती, त्यावर बाईंचं कंत्राट पुढे चाललं नाही. सुनावणीत आपल्या हातात एका ऋतूचा निकाल होता, तोही मांगूर सांगायच्या भीतीने आपण पुढे केला नाही. ‘पुरावा अपुरा’ असा शेरा बसला. अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे.

मागच्या महिन्यात मी त्यांना शोधत यवतमाळजवळ लोहाऱ्याला गेले. तिथे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्या सोयाबीनच्या बियाण्याची तपासणी करतात. गेटबाहेर भेटल्या. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “राहू दे वं, मोजे काढले नाईत अजून.” चहा त्यांनीच पाजला. मी माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर त्यांनी विचारलं, “मांगूर काढले का?”

“नाही,” मी म्हणाले.

“मरळ दिसते का?”

“कमी.”

मी विचारलं, बोलावलं तर याल का. “ग्रामसभेचा ठराव हाय नं. मी ग्रामसभा मोडत नाई, पुढारीणबाई. तुमीच शिकवलं, ग्रामसभा सगळ्याच्या वर.” आणि उठताना म्हणाल्या, “आता इथल्या पोरीईले मी विटाळ म्हणत नाई. दूषण म्हणते. कोणाले समजत नाई.”

काही जण म्हणतील, आता पुरावा हवा म्हणून हिला बाई आठवल्या. त्यांनी तसं म्हणावं. पण उद्या त्या परत आल्या नाहीत, खदान झाली, तलाव गेला, तरीही तो ठराव खोटा आहे आणि तो आपल्या गावाच्या नावावर आहे.

येत्या सोमवारी ग्रामसभा आहे. ठराव रद्द करा, हा अर्ज मी दिला आहे. तलावात मांगूर आपणच सोडला, हेही त्यात लिहिलं आहे. मोठे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही घरी बसू नका, शेताचं कारण सांगू नका, आधी कोण हात वर करतं ते बघत बसू नका. हातमोजे कशासाठी होते हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. या, आणि हात वर करा.