सात इमारतींची मालकीण

आमच्या जिन्याला छप्पन्न पायऱ्या आहेत. इथे राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली, पण हे मला मावशींनी सांगितलं. त्यांनी त्या वरून खाली मोजल्यात, कारण जिना वरूनच धुवायचा असतो. पहिलं पाणी सोड्याचं, दुसरं साधं, मग घट्ट पिळलेलं फडकं आणि शेवटी कठड्यावरून कोरडा हात. त्यानंतर वीस मिनिटं कोणी पाय ठेवायचा नाही. एखादं दार करकरलं की खालून आरोळी येते, "वाळू द्या!" त्यावरून पोरांनी त्यांचं नाव पाडलं, वाळूद्या मावशी. पोरांच्या आयाही आपापसात तेच म्हणतात. तोंडावर मात्र नुसतं मावशी.

मावशींकडे अशा सात इमारती. आमची सगळ्यांत जुनी. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन. ही वेळ सेक्रेटरींनी ठरवलेली, कारण तेव्हा जिन्यावर वर्दळ नसते. सोडा किती, फडकी कोणती, बादली कुठे उपडी घालायची, हेही त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून मीटरच्या खोलीत चिकटवलं आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. हाताला काम हवं असतं.

गेल्या हिवाळ्यात मावशींच्या हातून बादली सुटली. तिसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत ती गडगडत गेली आणि मागोमाग सोड्याचं पाणी. मी धावत बाहेर आले तर मावशी पायरीवर बसून आपला उजवा हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही वहिनी. बोटं घरी राहिली वाटतं."

बोटं पुष्कळ दिवसांपासून घरीच राहत होती. रात्री मुंग्या, सकाळी बधिर, चहाचा कप धरता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटात नस दबली आहे, फडकी पिळून पिळून. छोटं ऑपरेशन, तीन आठवडे विश्रांती. पण उशीर केलात तर अंगठ्याची ताकद जाईल ती परत यायची नाही.

त्याच वर्षी विम्याचा कायदा आला. आरोग्य विमा प्रत्येकाला सक्तीचा. नोकरी असेल तर अर्धा हप्ता मालकाने भरायचा, अर्धा नोकराने. स्वतःचा धंदा असेल तर सगळा स्वतः. नोकराला पहिल्या महिन्यापासून उपचार आणि भरपगारी सुट्टी. धंदेवाल्याला मात्र पहिलं एक वर्ष थांबायचं, म्हणजे दुखणं आलं की धावत येऊन विमा घेणारे लोक आपोआप गळतील.

मावशींचा अंगठा वर्षभर थांबणार नव्हता. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं: मावशी नोकर की मालक?

त्या दिवसांत घराघरांत ह्याच कायद्यावरून भांडणं चालली होती. निवडणूक तोंडावर होती. टीव्हीवर एक जण म्हणे, गरिबाचा हप्ता सरकारने भरावा. दुसरा म्हणे, सरकार म्हणजे कोण, तुमच्याच खिशातला हात. आमच्याकडेही संध्याकाळच्या चहाबरोबर हाच विषय. सेक्रेटरी म्हणत, "उद्या शेजाऱ्याला शिंक आली तरी रुमाल आपणच पुरवायचा!" आमचे हे सोसायटीचे खजिनदार. ते म्हणत, कायदा चांगला आहे, पण अंमलबजावणीत घोळ आहे. स्वतःवर काही यायला लागलं की ह्यांना अंमलबजावणी आठवते.

घोळ होता हे खरं. ज्या बाईला सात ठिकाणी काम, तिची नोंदणी कोणीही एकाने करायची आणि उरलेल्या सहांकडून त्यांचा वाटा गोळा करायचा, असं कायद्यात लिहिलं होतं. झालं! सातही इमारती म्हणू लागल्या, "आमची ना नाही, पण पहिले आम्ही नको." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर तरी एकत्र बसले होते. इथे तेवढंही नाही. महिनाभर मावशी फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सात जिने चढल्या-उतरल्या. शेवटी सेक्रेटरींनी दुसराच फॉर्म काढला.

"हे बघ, ह्यावर सही कर. स्वतंत्र व्यवसाय. आम्ही महिन्याला थोडे वाढवून देऊ. तुलाही मान, आम्हालाही ताप नाही."

मावशींनी फॉर्म माझ्याकडून वाचून घेतला आणि घरी नेला. त्यांच्या घरी त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई अंथरुणावर असल्या तरी जीभ ठणठणीत. त्यांचा निकाल मावशींनी मला जसाच्या तसा ऐकवला: "जन्मभर दुसऱ्यांचे जिने धुतलेस आणि आता मालकीण झालीस म्हणे! मग आधी मला एक नोकर ठेव."

मावशींनी सही केली नाही. तेवढ्यात प्रचाराला एक उमेदवार आले. जिन्यातच मावशींची गाठ पडली. "काळजी करू नका," ते हात जोडून म्हणाले, "आम्ही निवडून आलो की ही सक्तीच काढून टाकू."

"सक्ती काढाल हो," मावशी म्हणाल्या, "पण नस कोण मोकळी करणार?"

उमेदवारांनी पुन्हा एकदा हात जोडले आणि ते पुढच्या मजल्यावर गेले.

मग सोसायटीची बैठक बसली, तळमजल्यावर, सायकली बाजूला सारून. मावशींनाही बोलावलं होतं, पण खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नाही. मी माझी दिली आणि पायरीवर बसले. दुसऱ्या मजल्यावर एक संगणकवाला मुलगा राहतो, घरूनच काम करतो. तो उठला. तो काही वाईट नव्हे. माझ्या मते त्या बैठकीत सगळ्यांत सरळ तोच बोलला.

"मी दर महिन्याला पूर्ण हप्ता एकटा भरतो," तो म्हणाला. "मला कोणी अर्धा देत नाही. मीही चार जणांची कामं करतो. मग मावशींचाच वेगळा न्याय का?"

लोकांनी माना डोलावल्या. मावशींनी त्याला अगदी शांतपणे विचारलं, "बाळा, तू कामाला कधी बसतोस?"

"माझ्या मर्जीने. सकाळी, दुपारी, कधीही."

"आणि काम कसं करायचं, ते कोण सांगतं?"

"मीच ठरवतो. पटलं नाही तर नाही म्हणतो. मी माझा मालक आहे, म्हणून तर हप्ता माझा मी भरतो."

"असं असतं होय मालकाचं," मावशी म्हणाल्या. "मला कोणी सांगितलंच नव्हतं."

एवढं बोलून त्या उठल्या. सेक्रेटरींना वाटलं, गाडी रुळावर आली. ह्यांनाही तसंच वाटलं. घरी येऊन म्हणाले, "बघ, समजूतदार बाई आहे." पण मी मावशींचा चेहरा पाहिला होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला जिन्यात पाण्याचा आवाज आला.

सव्वाआठ म्हणजे आमच्या इमारतीत लग्नघरासारखी गडबड. शाळेची पोरं, ऑफिसची माणसं, एकाचा डबा राहिला, एकीचा मोजा सापडत नाही. सगळी दारं एकदम उघडली आणि सगळ्यांनी पाहिलं, चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत जिना ओलाकंच, लकाकतोय. मावशी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलेल्या, डाव्या हाताने उजवं मनगट चोळत. नेहमीच्या दुप्पट सोडा घातला होता, त्यामुळे पायरी अशी बुळबुळीत की मांजरसुद्धा विचार करून उतरेल.

"वाळू द्या!"

"अहो मावशी, शाळेची बस सुटेल!"

"सुटू दे. दुसरी येईल."

"मावशी, माझी मीटिंग आहे!"

"वीस मिनिटं. फार तर पंचवीस. आज हवा दमट आहे."

पोरं खूश होती. प्रत्येक मजल्याच्या चौकात माणसं बूट हातात घेऊन उभी, जत्रेतल्यासारखी. आमच्या दारातून माझ्या ह्यांचा आवाज, खालून कोणाच्या फोनवर "अडकलोय, जिन्यात अडकलोय, लिफ्ट नाही हो, जिना!" संगणकवाला दारात चहाचा कप घेऊन उभा होता. आधी तो वैतागला, मग त्याला काय चाललंय ते उमगलं आणि तो स्वतःशीच हसायला लागला. म्हणाला, "हरलो."

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. लाल झाले होते. कठडा धरून ते खाली ओरडले, "ही काय वेळ आहे जिना धुवायची?"

"माझ्या मर्जीची वेळ आहे साहेब."

"तुझी मर्जी? दुपारी दोनला यायचं, हे ठरलेलं आहे! सोडा एक मूठ, तोही लिहून लावलाय! उद्यापासून हे चालणार नाही, सांगून ठेवतो. मी सांगेन तेव्हाच यायचं आणि मी सांगेन तसंच काम करायचं!"

"असं का? आणि तुम्ही कोण सांगणारे?"

"कोण म्हणजे? तुला कामावर ठेवलंय कोणी?"

मावशी उठल्या आणि वर मान करून म्हणाल्या, "तेच तर साहेब. फॉर्म घेऊन महिनाभर तेच विचारत फिरतेय. आज चार मजल्यांच्या साक्षीने तुम्हीच सांगितलंत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. आता खोटं कशाला बोलू, मीच हसले. सेक्रेटरींनी एक पाऊल पायरीकडे टाकलं आणि मागे घेतलं. माणूस नियमाचा, आणि स्वतःच्याच नियमात पाय अडकलेला. खाली उतरावं तर पायरी ओली, घरात जावं तर हार. ते तिथेच उभे राहिले.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक. ह्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला: "पहिली सही आपली म्हटल्यावर बाकीच्या सहा इमारतींकडून वाटा गोळा करायचा कोणी? खजिनदार मी. उन्हातान्हात मीच हिंडू?"

"वाटा मी आणते दादा," मावशी म्हणाल्या. "सहाही जिने माझ्या ओळखीचे आहेत, आणि सव्वाआठची वेळ सगळीकडे सारखीच असते."

हात वर झाले. संगणकवाल्याचाही झाला. तो एवढंच म्हणाला की वर्षभर थांबण्याचा नियम त्यालाही मान्य नाही आणि त्याविरुद्ध कोणी अर्ज करणार असेल तर तो लिहून देईल. सेक्रेटरींनी फॉर्म पुढे ओढला, मालकाच्या रकान्यात सोसायटीचं नाव लिहिलं आणि बाजूला बारीक अक्षरात 'निषेध नोंदवून' असंही लिहिलं. मावशींनी मला विचारलं काय लिहिलंय ते. मी सांगितलं.

"नोंदवा की," त्या म्हणाल्या. "निषेध मोठ्या अक्षरात लिहा साहेब, जागा आहे. सही मात्र खालीच करा. आणि एक, आजपासून मला अहो म्हणायचं. घरच्या नोकराला कोणी काही म्हणतं, पण कायद्याच्या कागदावरच्या माणसाला अरेतुरे बरं दिसत नाही."

ऑपरेशन पुढच्याच महिन्यात झालं, अर्ध्या तासाचं. तीन आठवडे मावशी सुट्टीवर होत्या आणि जिना आम्ही पाळी लावून धुतला. पहिली पाळी ह्यांची. बादली-फडकी घेऊन हे मोठ्या उत्साहाने तळापासून सुरुवात करून धूत धूत वर गेले आणि गच्चीच्या दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घर खाली आहे. पाऊण तास तिथे उभे होते. मी चहा करून ठेवला होता, तो दोनदा गरम केला.

टाके निघाल्यावर मावशी भेटायला आल्या. मनगटावर छोटीशी पट्टी. माझ्या हातातून कप घेतला, नीट धरला, पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "चटका बसतोय वहिनी. बोटांना कळतंय."

चार इमारतींनी वाटा दिला होता, दोघी अजून टाळत होत्या. एकीचा सेक्रेटरी गावाला गेलाय म्हणे, दुसरी म्हणे निवडणूक होऊ दे, कायदाच बदलेल. पेपर खाली ठेवून हे म्हणाले, "जाऊ द्या ना मावशी. तुमचं ऑपरेशन तर झालं. दोघींच्या वाट्यापायी कशाला वाईटपणा घ्यायचा? आम्ही सांभाळून घेऊ."

"तुम्ही का सांभाळायचं दादा? जिना त्यांचा, चिखल त्यांच्या बुटांचा, हात माझा. तुमचा काय संबंध?" मावशींनी कप विसळून पालथा घातला. "आणि निवडणूक कोणीही जिंको. आजवर त्यांचा जिना मीच धुतलाय. कायदा बदलला म्हणून तो मागे जाऊन मळणार आहे का?"

"मग काय करणार आहात?"

"आत्ता जाते. बादली नाही नेत, डॉक्टरीणबाईंनी सुट्टी संपेपर्यंत वजन उचलू नको म्हटलंय. नुसती त्यांच्या पायरीवर बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसते, तुमच्याकडे जिना कोण धुतं हो?" त्यांनी फॉर्मची प्रत पिशवीत नीट सरकवली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही पण चला दादा. पहिली सही तुमच्या सोसायटीची आहे. एकटी बाई बसली तर म्हणतील भीक मागतेय. शेजारी खजिनदार बसला तर म्हणतील हिशोब मागतेत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचे बूट दारापाशी नेऊन ठेवले.