साडूंची काळी अक्षरं

शेताच्या बांधावरून लोक जेवढी माणसं तोडतात, त्याहून जास्त माणसं आमच्या साडूंनी इंग्रजी अक्षरांच्या वळणावरून तोडली आहेत. मंचरमध्ये हमरस्त्याला लागून त्यांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. वाढदिवसाचे, दशक्रियेचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे फलक ते निर्विकारपणे छापतात. पण गिऱ्हाईकानं 'ते जुनं इंग्लिश लावा' असं म्हटलं, की खुर्ची पुढे ओढतात आणि चहा सांगतात. जुनं इंग्लिश म्हणजे ब्लॅकलेटर. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांतलं, जाड उभ्या फटकाऱ्यांचं, कोपरे तासलेलं, बोरूनं लिहिल्यासारखं अक्षर. ते अजून काही वर्तमानपत्रांच्या नावात दिसतं, नाहीतर बुलेटच्या टाकीवर. साडू त्याला काळं अक्षर म्हणतात. पुण्यातला एक छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी या अक्षरांचे शिशाचे खिळे पोत्यातून आणले, रॉकेलनं धुतले, एकेक छापून संगणकात घेतले. तेव्हापासून फुकट मिळणारी बाकीची सगळी काळी अक्षरं त्यांच्या लेखी भेसळीची आहेत.

हे अक्षर मागणाऱ्याची ते मुलाखत घेतात. दुकान कशाचं, किती जुनं, मालक गल्ल्यावर बसतो की फिरतो. कुस्तीच्या तालमीला त्यांनी ते लगेच दिलं. लोणच्याच्या घरगुती उद्योगाला बरंच थांबवून दिलं, कारण बरणी जुन्या वळणाची होती. बालरोगतज्ज्ञांना मात्र साफ नाही म्हणाले. "डॉक्टर, ही पाटी लावली तर पोरं दारातनंच रडत माघारी जातील." डॉक्टर अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. दिलं तरी एकच शब्द मिळतो. खालचा पत्ता साध्या अक्षरात घ्यायचा. दोन्ही काळ्यात हवं म्हणणाऱ्याला ते विचारतात, "जेवणात सगळं खर्डाच वाढू का?"

त्यांचा सर्वांत कडक नियम मोठ्या अक्षरांचा. काळ्या लिपीतली मोठी अक्षरं वेलबुट्टीची, फुगीर आणि मानी असतात. शब्दाच्या सुरुवातीला एकच मोठं घ्यायचं, पुढची सगळी छोटी. सगळीच मोठी लावली तर ए यूसारखा दिसतो, एस जीसारखा, आणि आय की जे ते छापणाऱ्यालाही सांगता येत नाही. "एका मांडवात बाशिंग एकालाच," ते म्हणतात. "सगळ्यांनीच बांधलं तर हळद कुणाला लावायची?" अवसरी बुद्रुकच्या एका बैलगाडा मंडळाला बैलाचं नाव टी-शर्टावर सगळ्या मोठ्या काळ्या अक्षरांत हवं होतं. साडूंनी आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "अहो, बैल आमचा, अंग आमचं, तुमचं काय जातंय?" साडू म्हणाले, "झोप जाती."

छापण्याआधी ते नमुना रस्त्यापलीकडच्या भिंतीवर चिकटवतात आणि कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत अलीकडे येतात. मग कुणालाही थांबवतात. "भाऊ, काय लिहिलंय वाचा." दोन माणसं अडखळली की नमुना रद्द. एकदा त्यांनी वाहतूक पोलिसाला थांबवलं. पोलिसानं आधी नमुना वाचला आणि मग साडूंचा परवाना.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं. मुलगा ओंकार, आणे गावचा. साखरपुड्याला जेवणं झाल्यावर ओंकारच्या वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि एका पिकअपच्या काचेवरच्या नावाचा फोटो दाखवला. सगळी अक्षरं काळी, सगळी मोठी. "पावणं, पत्रिकेवर दोघांची नावं अशी पायजेत. लई भारी दिसतंय. बारकी अक्षरं नगं."

मांडवातल्या माना साडूंकडे वळल्या. तिथल्या निम्म्या लोकांना साडूंनी कधी ना कधी याच कारणावरून दुकानातून परत पाठवलं होतं. माझ्या मेहुणीनं पदराआडून साडूंना हळूच सांगितलं, "आज तोंड उघडलं तर बघा." सायली ताटलीतला पेढा तसाच धरून वडिलांकडे बघत होती. साडू म्हणाले, "नमुना करून आणतो."

त्यांनी दोन नमुने केले. एक पाहुण्यांच्या, म्हणजे ओंकारच्या वडिलांच्या मनासारखा, एक स्वतःच्या. दोन्ही भिंतीवर लावायचे आणि पाहुण्यांच्याच तोंडून निकाल घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. मेहुणीनं मला त्यांच्यासोबत पाठवलं. "लग्न मोडून आलात तर दोघंबी तिकडंच ऱ्हावा," असं तिनं बजावलं.

आण्याला अंगणात भावकी जमली होती. साडूंनी पहिला, सगळ्या मोठ्या अक्षरांचा कागद ओट्याच्या भिंतीला लावला, पाहुण्यांना लांब उभं केलं आणि म्हणाले, "वाचा पावणं." पाहुण्यांनी डोळे बारीक केले. ओठ हलले, आवाज आला नाही. भावकीतलं कुणीतरी हसलं. पाहुण्यांनी टोपी काढून परत घातली. दुसरा कागद लावला की निकाल लागणार होता.

साडूंनी पहिला कागद काढून घडी घातली. "छपाई पुसट आली. मशीनचा दोष. दुसरा करून आणतो," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या मशीनला दोष दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला. दुसरी गुंडाळी त्यांनी उघडलीच नाही.

पाहुणे आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. फाटकाशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "पावणं, छपाई चांगली व्हती. शाळेत इंग्रजी यायच्या आत आमी शाळा सोडली. ही मोठी एबीसीडी तेवढी गाड्यांच्या नंबरावर शिकलो. म्हणून म्हणलं, मोठी घ्या. पोराची पत्रिका हाय, निदान त्याचं नाव तरी माझं मला वाचता यावं."

साडू म्हणाले, "येईल."

परत येताना आळेफाट्याला चहाला थांबलो, तर त्यांनी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर एक ए काढला, पुसला, पुन्हा काढला. नंतरचे कित्येक दिवस दुकानात फलक रखडले. त्यांनी खिळ्यांची अक्षरं बाजूला ठेवली आणि बोरू घेऊन नवी मोठी अक्षरं काढली. सांगाडा गाडीच्या नंबरासारखा साधा, अंग मात्र काळं. वेलबुट्टी काढून टाकली, फुगवटे उतरवले, कोपरे तेवढे ठेवले.

पत्रिका पोचल्यावर आण्याहून फोन आला. साडूंनी तो स्पीकरवर टाकला. "ओ. एम. के. ए. आर," पलीकडून एकेक अक्षर येत होतं. "आता सूनबाईचं. एस. ए. वाय. एल. आय. बरोबर हाय का, पावणं?"

"बरोबर हाय," साडू म्हणाले आणि चष्मा पुसायला आत गेले.

लग्न झालं, सायली आण्याला नांदायला गेली. पत्रिका बघून ते अक्षर मागायला गिऱ्हाइकं येतात. साडू त्यांना सांगतात की दोन नावांना लागली तेवढीच अक्षरं काढली आहेत, बाकीची एबीसीडी नाही. उरलेली काढा ना, असं मी एकदा सुचवलं. "काढू," ते म्हणाले, "घाई काय हाय?" दुपारी दुकान रिकामं असलं की ते ती अक्षरं पडद्यावर घेतात आणि त्यांतून आणखी कुठले शब्द होतात ते जुळवत बसतात. मला तरी बरेच शब्द सहज सुचतात. साडूंकडून मात्र दर वेळी एकच नाव तयार होतं.