माणच्या माळावरच्या खुंट्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय, तर माझी कीव करू नका — मला कीव नको आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका उजाड माळाखाली चुनखडी किती आहे, हे बघायला सरकारी भूगर्भ खात्यानं मला पाठवलं होतं. माळभर खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीशी खड्डा घ्यायचा, नमुना पिशवीत भरायचा. चांगला दगड निघाला तर तिथं कारखाना येणार, असं बोललं जात होतं.

त्या माळावर बिरू नावाचा धनगर मेंढरं चारायचा. माझं पाणीही तोच आणून द्यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सायब, वर निस्ता काळा दगड हाय. चुनखडी हाय ती वढ्याकाठाला. उगा कशाला खांदताय?" चावडीवर मात्र तो चिडून बोलला होता — "आमचं रान घ्याल तर खुंट्या उपटून टाकीन!" सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही.

ऊन असह्य होतं म्हणू? नाही. मला कंटाळा आला होता, एवढंच. माळावर खुंट्या ठोकल्या, पण खड्डा एकही घेतला नाही. ओढ्याकाठी पांढरा थर उघडाच दिसत होता. तिथूनच सगळ्या पिशव्या भरल्या आणि त्यांवर माळावरच्या खुंट्यांचे नंबर घातले. अहवाल झकास झाला. शाबासकी मिळाली.

मग वरचे साहेब स्वतः माणसं घेऊन आले. माळ खणला. वीतभर मातीखाली काळा कातळ! मला समोर उभं करून विचारलं, खड्डे कुठं घेतले?

आणि मी — काय केलं असेल मी? म्हणालो, "खुंट्या बिरूनं हलवल्या, साहेब. खड्डेही बुजवले. माझ्या माघारी."

किती पटकन पटलं सगळ्यांना! त्या सहजपणाची मला आजही चीड येते. पण त्यांच्यावर कसला चिडतोय मी? तो चावडीवर बोललेला मला आठवत होता, म्हणूनच त्याचं नाव घेतलं. सुचलं नाही — निवडलं.

बिरूला चौकीवर नेलं. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "सायब, तुमी तर वर खड्डा खांदलाच न्हाई. सांगा की त्यास्नी."

मी म्हणालो, "खोटं बोलतोय."

तीन दिवस त्याला बसवून ठेवलं. मेंढरं वाऱ्यावर. लांडग्यांनी कोकरं फाडली. सुटून आल्यावर त्यानं उरलेली मेंढरं हाकली आणि बायकोला घेऊन गाव सोडलं. कुठं गेला, मी विचारलं नाही.

पुढं बढती मिळून मी साताऱ्याच्या कचेरीत बसलो. ती फाइल माझ्याच कपाटात आली. 'खुंट्या स्थानिक धनगराने हलवल्या' — ती ओळ मी वाचली. खोडायला कुणाची परवानगी लागली नसती. फाइल बांधली आणि परत ठेवून दिली.