मालकांना माफी

सगळ्यांना चिनीमातीच्या कपात चहा आला. मला आणि माझ्या पोराला कागदाच्या.

हॉलंडात, हूफडॉर्पला पोराच्या शेजाऱ्याचं घर. पुण्याचा माणूस, सुहास नाव. लॉकडाऊन जरा सैल झालं म्हणून चारपाच मराठी माणसं बोलावलेली. बसल्याबसल्या त्यानं गाव विचारलं, मग आडनाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. मी सांगितलं. लपवायचं काय त्यात?

"काका, कोरोना आहे ना, म्हणून वेगळा कप," हसत म्हणाला.

समोरचे पाहुणे आजोबा माझ्याच वयाचे. त्यांना कोरोना होत नसावा.

कोरोना मला कुणी शिकवू नये. माझी बायको त्यातच गेली, लातूरला. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. जन्मभर ती पाटलाच्या गोठ्यात शेण काढायची. तिची कपबशी वळचणीला खोचलेली. तिनंच धुवायची, तिनंच खोचायची.

गप्पा अमेरिकेवर गेल्या. सुहास सांगत होता. गुलामीपायी तिथं आपसात लढाई झाली. अध्यक्षानं गुलामी मोडली, पण हरलेल्या मालकांवर सूड नको म्हणाला. त्याला गोळी घातली. त्याच्या जागी आलेल्यानं मालकांना माफी दिली. सुटलेल्या गुलामांना कसायला दिलेल्या जमिनी काढून मालकांना परत केल्या. त्याच्या पुढच्या अध्यक्षानं काळ्या माणसांच्या मतासाठी, जिवासाठी फौज धाडली.

"फौजेनं मनं जुळतात का?" सुहास म्हणाला. "माफी देणाराच शहाणा. देश उभा करायचा तर मागचं विसरावं लागतं."

मी चौथी नापास. तरी बोललो. "ज्याची जमीन काढली, त्याला विचारलं का, विसरतोस का म्हणून?"

"काका, तो इतिहास झाला."

"मग हा कप?"

पोरगा कानाशी आला. "बाबा, जाऊ द्या. मला इथंच राहायचंय." त्याचा चहा अर्धा पिऊन झाला होता.

"मला त्यांच्यासारखा कप दे," मी सुहासला म्हणालो. "द्यायचा नसेल तर तोंडानं सांग. कोरोनाच्या आड लपू नको. त्यात माझं माणूस गेलंय."

तो मोबाईल बघत बसला. भरला कप तिथंच ठेवून मी उठलो.

घरी पोरगा म्हणतो, फोन करा, मिटवून टाका.

नाही करणार. माफी त्यानं मागायची. द्यायची का नाही, ते मी ठरवीन. वेगळा कप पुढं आला की असाच उठीन. गावात उठीन, इथं उठीन. पोराच्या घरात आला, तर तिथूनही.